अर्धी लड

त्या घरात महत्त्वाची गोष्ट सांगायची असली की आधी समोरच्याच्या हातांवर सुताची लड घालायचे.

हा कुणी ठरवून केलेला नियम नव्हता, कामातूनच तो आला होता. लड म्हणजे सुताचं मोठं सैल वेटोळं. एकीनं ते दोन्ही हातांवर ताणून बसायचं आणि समोरचीनं धागा ओढत त्याचा गुंडा करायचा. ज्याच्या हातांवर लड आहे त्याला मध्येच उठता येत नाही. हात खाली सोडले की सगळा गुंता होतो, आणि मग तो सोडवताना दिवस जातो. म्हणून रागावलेलं माणूससुद्धा लड संपेपर्यंत जागच्या जागी बसून राहायचं. तोवर सांगणाऱ्याचं सांगून व्हायचं, ऐकणाऱ्याचा राग निम्म्यावर यायचा. आक्का म्हणायची, "आमच्या घरात भांडणं पण मापातच होतात. सूत संपलं की भांडण संपलं."

आक्काचं सगळं आयुष्य असं हात पुढे करून गेलं. परकरी पोर होती तेव्हा आईसमोर बसायची. आई गुंडा करायची, आक्का लड धरायची. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. एका दुपारी आईनं नेहमीपेक्षा मोठी लड काढली, तिच्या हातांवर घातली आणि तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "त्यांचा नकार आलाय गं." आक्काचे डोळे भरले, नाकही वाहायला लागलं, पण पुसणार कशानं? दोन्ही हात गुंतलेले. आईनं धागा दातात धरला, पुढे वाकली, आपल्या बाहीनं तिचं तोंड पुसलं आणि पुन्हा गुंडाळू लागली. ती लड संपेपर्यंत आक्का रडली. पुढे त्या गोष्टीसाठी ती कधी रडली नाही. आई गेली, आणि आईच्या जागी धाकट्या भावाची बायको, वहिनी, येऊन बसली. आक्काची जागा तीच राहिली.

घराच्या खालच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. फरशी पुसायच्या मॉपला सुताचा जो झुबका असतो, तो तिथे तयार व्हायचा. गिरणीतलं उरलंसुरलं जाडं सूत लडींनी यायचं. आधी त्याचे गुंडे व्हायचे. मग ते सूत लांब पाटावरच्या दोन खुंट्यांभोवती फेर घालत गुंडाळायचं, जाडी पुरेशी झाली की दोन्ही टोकांना कातरायचं आणि मधोमध कापडी पट्टी घालून शिवायचं. शिवणाच्या मशिनीवर एक शिलाईवाली असायची. तिचा पाय मशिनीवर चालायचा आणि जीभ सगळ्यांवर. खोलीभर पांढरी लव उडायची. संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या असायच्या.

"आक्का, तुमचा जन्म लड धरण्यात गेला," शिलाईवाली म्हणायची. "यमानं बोलावलं तरी म्हणाल, जरा थांब, एवढी संपू दे."

"त्यालाच बसवीन की समोर," आक्का म्हणायची. "एवढा येणार तर रिकाम्या हातानं कशाला?"

आक्काच्या भावाला सगळी गल्ली खटपट्या म्हणायची. कुणाची शिडी, कुणाचं कुलूप, कुणाचा पंखा, याच्या हाताला चैन नसायची. शाळेत फारसं काही जमलं नाही. पण एखादी वस्तू बिघडली की आजारी माणसाजवळ बसावं तसा हा तिच्याजवळ बसायचा. आक्कापेक्षा तो बराच लहान. आईचे हात कामात असायचे, त्यामुळे तो आक्काच्या मांडीवरच वाढला, तिच्या हातांवरच्या लडीखालून आत घुसून बसायचा.

आक्काचा उजवा खांदा धरायला लागला तेव्हा ते आधी वहिनीला कळलं. धागा ओढला की आक्काच्या ओठाचा एक कोपरा आत जायचा. पुढे तिला स्वतःची वेणी घालता येईना. एका सकाळी खटपट्या खाली आला तर आक्का स्टुलावर बसलेली आणि वहिनी तिच्या मागे उभी राहून केस विंचरत होती. आक्का हसत म्हणत होती, "हळू गं, आहेत ते तरी राहू देत." तो दारातच थबकला आणि परत वर गेला. त्याच आठवड्यात त्यानं लाकडं आणली.

त्याला लड धरणारी चौकट करायची होती. माणसाच्या हातांऐवजी दोन लाकडी हात, खाली फिरता दांडा, दांड्याला जुन्या सायकलीतले छर्रे. आक्काला बसवून त्यानं दोरीनं तिच्या हातांमधलं अंतर मोजलं, कोपर किती वाकतं तेही मोजलं. "हलू नकोस," तो म्हणाला. तिला गंमत वाटली. "काय रे, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय. सदरा शिवतोयस का मला?"

"सुटका शिवतोय," तो म्हणाला.

चौकट उभी राहिली तेव्हा शिलाईवालीनं मशीन थांबवून तिच्याभोवती एक फेरी मारली. "अगदी आक्काच. फक्त खात नाही आणि टोमणे मारत नाही. आक्का, ही तुमची धाकटी बहीण बरं का." तेव्हापासून चौकटीचं नाव धाकटी पडलं.

पण धाकटीला काम येईना. वहिनीनं धागा ओढला की चौकट गचकन फिरायची, ओढ थांबली की स्वतःच्याच जोरानं पुढे जायची, धागा सैल पडून खाली अडकायचा आणि पुढच्या ओढीला तुटायचा. तुटला की गाठ, आणि गाठ पट्टीखाली आली की शिलाईवालीची सुई मोडायची. खटपट्यानं लाकूड घासलं, त्याला मेण लावलं, छर्रे बदलले, दांडा बदलला. तरी सूत तुटतच राहिलं. गल्लीतली माणसं येता-जाता दारातून डोकावायची. "खटपट्याची खटपट, सुताची फरपट," असं कुणीतरी म्हटलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. तो हसायचा, पण पानावरून अर्धं टाकून उठायचा.

तोवर आक्का रोजच्यासारखी लड धरतच होती. दुखऱ्या खांद्याखाली वहिनी उशी ठेवायची.

अशाच एका दुपारी वहिनी धागा ओढता ओढता म्हणाली, "नाही जमत तर नाही जमत. असू दे की. चाललंय तसं चालू दे."

आक्का तडकली. "नवरा जिवाचं रान करतोय आणि तू अपशकुन कर! तुला त्याच्या कामाचं काही आहे का नाही?"

"आहे हो, आक्का."

"दिसतंय ते. एकदा तरी त्याच्याजवळ जाऊन बसलीस?"

लड अर्धीच झाली होती, त्यामुळे दोघींनाही उठता येत नव्हतं. उरलेलं सूत त्यांनी एकमेकींकडे न बघता संपवलं.

खरं तर धाकटी का अडते ते आक्काला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लड नुसती धरायची नसते. धागा ज्या बाजूनं सुटतो त्या बाजूचं मनगट किंचित पुढे झुकवायचं, ओढ आली की द्यायचं, ओढ थांबली की अलगद परत घ्यायचं. आपण हे करतो हेसुद्धा तिला कधी जाणवलं नव्हतं. धाकटीचे ताठ हात पाहिले आणि एकदम लक्षात आलं. सांगायला तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

पण ती थांबली. खांदा रात्रंदिवस ठणकत होता, तरी थांबली. तिनं स्वतःलाच विचारलं होतं, उद्या हे लाकूड नीट फिरायला लागलं तर मी कुठे बसायचं? या घरात तिला स्वतःची अशी एकच जागा होती, वहिनीच्या समोरची. तिथूनच तिनं घरातल्या सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि सांगितल्या होत्या. मुलं होत नाहीत म्हणून वहिनी पहिल्यांदा रडली ती तिथेच. आक्काच्या हातांवर तेव्हा करड्या सुताची लड होती आणि आईसारखंच पुढे वाकून वहिनीचं तोंड पुसावं तर तिला हात मोकळा नव्हता. ती नुसती म्हणाली होती, "ओढ, ओढत राहा." वहिनी रडत ओढत राहिली होती. ती जागा गेली तर घरात उरतं काय? एक बाजेवरची म्हातारी, जिला चहा नेऊन द्यायचा.

म्हणून ती गप्प राहिली आणि धाकटी सूत तोडत राहिली.

मग एके दिवशी खटपट्या हातोडी घेऊन खाली आला. ओरडला नाही, काही नाही. धाकटीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या लाकडी हातावरून बोटं फिरवू लागला. मोडायच्या आधी वस्तूला हात लावून बघण्याची त्याची लहानपणापासूनची सवय होती. त्याची पाठ आक्काकडे होती. मानेवरची ती खोलगट जागा, लडीखालून आत घुसल्यावर तिला दिसायची तीच. आक्कानं आपल्या हातांवरची लड वहिनीच्या मांडीवर उतरवली.

"इकडे ये," ती म्हणाली. "हात पुढे कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

तिनं लड त्याच्या हातांवर घातली. वहिनीला म्हणाली, "ओढ गं." वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "ओढ," आक्का पुन्हा म्हणाली. वहिनीनं धागा ओढला. खटपट्याचे हात धाकटीसारखेच ताठ होते. धागा अडकला.

"सैल सोड," आक्का म्हणाली. तिनं मागून त्याची मनगटं धरली. "तू धरून ठेवतोयस. लडीला नुसता टेकू द्यायचा असतो. ती ओढते तिकडे थोडं जायचं. हं... आता परत ये. जा. परत ये."

धागा वाहायला लागला. खटपट्यानं आधी आपल्या मनगटांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "स्प्रिंग," तो पुटपुटला. "अगं आक्का, स्प्रिंग पाहिजे!" हातांवरची लड तशीच घेऊन तो उठला, सगळ्या सुताचा गुंता झाला आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणी त्याबद्दल ओरडलं नाही. वहिनी उठली आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आक्काला वाटलं, हिला आनंद कसा होत नाही?

स्प्रिंग बसवल्यावर धाकटी अशी चालली की शिलाईवालीसुद्धा गप्प झाली. वहिनी एकटीच लड घालायची, एकटीच गुंडा करायची. पुढे खटपट्यानं गुंड्याचीही भानगड ठेवली नाही. धाकटीवरून सूत सरळ एका फिरत्या पिंपावर जायचं आणि तिथेच झुबक्याचे फेर पडायचे. काम वाढलं, खोली पुरेना. त्यानं गावाबाहेर एक पत्र्याची शेड घेतली.

काम तिकडे हलवायच्या आदल्या दिवशी तो आक्कासमोर येऊन बसला. त्याच्या हातात लड होती. ती बघूनच आक्काला कळलं.

"घाल," ती म्हणाली आणि हात पुढे केले. उजवा पूर्ण वर आला नाही.

त्यानं लड घातली, खाली मान घालून धागा ओढत राहिला. गुंडा त्याला कधीच नीट जमायचा नाही, वाकडातिकडा व्हायचा. "शेड लांब आहे," तो म्हणाला. "रस्ता खडबडीत. तुझ्या खांद्याला धक्के बसतील. आणि आता तुला करायला तसं काही नाहीच. तू आराम कर, आक्का. खूप केलंस."

"बरं," आक्का म्हणाली.

"रागावलीस?"

"सुटका शिवून दिलीस ना मला. मापात बसली."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला, आणि आक्कानं तो तसाच वाटू दिला.

मग खालची खोली रिकामी झाली. भिंतीच्या खालच्या कडेला पांढरी लव राहिली होती. आक्कानं ती झाडली नाही. सकाळी दोघं निघून जायची, दुपारभर ती खिडकीत बसायची. कुणी शेजारीण येऊन बोलायला लागली की ऐकता ऐकता तिचे हात मांडीवरून आपोआप वर उचलले जायचे, वीतभर अंतरावर थांबायचे. शेजारणीला वाटायचं, हिला काही हवंय. "काही नाही," म्हणत आक्का हात खाली घ्यायची. खांदा मात्र होता तसाच राहिला. वैद्य म्हणाला, इतकी वर्षं वापरलेला खांदा एकदम थांबवला की असाच आखडून बसतो.

वहिनी संध्याकाळी दमून यायची. दिवसभर यंत्रासमोर एकटी उभी राहून तिला बोलायची सवयच उरली नव्हती. दोघी जेवायच्या, भांडी व्हायची, दिवा मालवला जायचा. भांडण म्हणून कधी झालं नाही. भांडायला समोरासमोर बसावं लागतं.

अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी वहिनी अवेळीच घरी आली आणि तिच्या काखेत लड होती.

आक्का अर्धी उठली. "काय झालं? तो बरा आहे ना?"

"बरे आहेत. बसा तुम्ही."

आक्कानं हात पुढे करायचा प्रयत्न केला. डावा आला, उजवा मांडीवरून हललाच नाही. दोघी क्षणभर त्या हाताकडे बघत राहिल्या. मग वहिनी समोर बसली, लड तिनं स्वतःच्या हातांवर घातली आणि धाग्याचं टोक दातांनी सोडवून आक्काच्या डाव्या हातात दिलं. "तुम्ही ओढा. आज मी धरते."

आक्का मांडीवरच्या उजव्या हातात गुंडा धरून डाव्यानं गुंडाळू लागली. सुरुवातीला हात अडखळला, मग लागला. वहिनीची मनगटं हलत होती. इकडे झुकत होती, परत येत होती, अगदी आक्काची असावीत तशी.

"गिरणी आता लडी देत नाही," वहिनी म्हणाली. "सगळं सूत पुठ्ठ्याच्या कोनांवर येतं. कोन ठेवला की धागा आपला आपण सुटतो, धरायला कुणी लागतच नाही. ही शेवटची लड. कोपऱ्यात पडली होती."

"मग धाकटी?"

"शेडवर कामाला येणाऱ्या पोरी तिच्यावर पिशव्या अडकवायच्या. काल भंगारवाला घेऊन गेला."

आक्काचा हात थांबला. "तो होता तिथे?"

"ह्यांनीच उचलून दिली. एका टोकाला तो, एका टोकाला हे. आधी तेवढ्या स्प्रिंगा काढून घेतल्या. खिशात घेऊन फिरताहेत. रात्री उशाला ठेवल्या होत्या."

आक्का पुन्हा गुंडाळू लागली. लडीकडेच बघत म्हणाली, "तुझी मनगटं छान चालतात. कधी शिकलीस?"

"इतकी वर्षं समोर मीच बसत होते ना. सूत माझ्याच हातात येत होतं."

"म्हणजे धाकटी का अडते ते..."

"माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

आक्कानं मान वर केली. "आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमच्या जागी लाकूड बसलं असतं."

"बसलंच की."

"ते तुम्ही बसवलंत, आक्का." वहिनीचा आवाज तसा साधाच होता. "मी तुमचा खांदा रोज बघत होते. रात्री तेल लावायला येत होते आणि तरी गप्प बसत होते. वाटायचं, खांद्याचं दुखणं सोसवेल तुम्हाला, दुसरं सोसवणार नाही. ह्यांचं तोंड बघवत नव्हतं, तरी दात दाबून बसले होते. आणि तुम्ही एका दुपारी उठून सगळं देऊन टाकलंत."

आक्काला तो दिवस आठवला, चहा ठेवायला आत गेलेली आणि बाहेर न आलेली वहिनी आठवली. अपशकुन कर म्हटलेलं आठवलं. तिचे डोळे भरून आले. आज एक हात चालता होता, पण त्यात धागा होता.

"वेडी गं तू," ती म्हणाली.

"तुमच्यासमोर बसून बसून झाले."

दोघींना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. लड अर्धी झाली तेव्हा आक्का म्हणाली, "थांब. एवढी राहू दे."

"का?"

"तो येऊ दे."

खटपट्या आला तेव्हा वहिनी तशीच हातांवर लड धरून बसलेली होती. दारात चपला काढता काढता त्यानं लड पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "काय सांगायचंय?" त्यानं विचारलं. "सरळ सांगा. मी दमलोय."

"आम्हाला काही सांगायचं नाही," आक्का म्हणाली. "बस. हात पुढे कर."

तो बसला. वहिनीनं अर्धी लड आपल्या हातांवरून त्याच्या हातांवर सरकवली. आक्कानं धागा ओढला. त्याचे हात ताठ होते. धागा अडकला.

"सैल सोड," ती म्हणाली.

त्यानं सैल सोडायचा प्रयत्न केला. धागा थोडा आला, पुन्हा अडकला, पुन्हा आला. हाताच्या हालचालीबरोबर त्याच्या खिशातल्या स्प्रिंगा बारीक वाजत होत्या.

"तुझा खांदा वाचावा म्हणून केलं होतं सगळं," तो एकदम म्हणाला.

"माहीत आहे रे."

"वाचला का?"

आक्कानं खोटं बोलायचं मनात आणलं, पण लड समोर असताना त्या घरात खोटं कधी कुणी बोललं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

त्याची मान खाली गेली. खांदे हलायला लागले. हात मात्र त्यानं सोडले नाहीत, तसेच पुढे धरून ठेवले. वहिनी त्याच्या शेजारी सरकली आणि आपल्या बाहीनं तिनं त्याचं तोंड पुसलं. रडता रडता त्याची मनगटं सैल झाली होती. धागा आता न अडकता येत होता, इकडून सुटत होता, तिकडून सुटत होता.

आता त्याच्या हातांवर थोडेच वेढे उरले होते. ते आक्काला दिसलं, आणि तिनं आपला हात सावकाश केला.